रकाना

आरोपपत्रात एक रकाना असतो : गुन्ह्याचा हेतू.
दीड बोट रुंद.
चाळीसगावला एकोणीस वर्षं मी तो भरत आलो
एकाच शब्दानं : पूर्ववैमनस्य.
साहेब बदलले, शाई बदलली, मग संगणक आला,
शब्द तोच. बसतो बरोबर.

निकुंभ आणि भदाणे, दोन्ही घरं धरून
सात खून माझ्या हातून लिहिले गेले.

पेपरवाले यायचे, चहा प्यायचे, विचारायचे, नेमकं कारण?
मी सांगायचो, गिरणेची वाळू.
कधी सांगायचो, रेल्वेच्या भंगाराचं टेंडर,
कधी शिरपूरकडून येणारं स्पिरिट,
कोणाचा टँकर कोणी पकडून दिला ते.
सगळं खरं होतं, पुराव्यानिशी.
पण वाळूसाठी माणूस वाळू चोरतो.
सातव्या मढ्यापर्यंत जायला
वाळू पुरत नाही.

वाफेची इंजिनं होती तेव्हाची गोष्ट.
धुळ्याकडच्या लाइनीवर दोन पोरं
उभ्या वॅगनीवर चढून कोळसा ढकलायची,
खाली त्यांच्या आया, गोण्यांची तोंडं उघडून.
एका पहाटे सांध्यात झिपरू निकुंभाचा पाय अडकला
आणि शंटिंगचे डबे मागे सरकू लागले,
दिवा नाही, शिट्टी नाही.
हिलाल भदाणे पळाला नाही.
त्यानं ओढलं.
चप्पल गेली, दोन बोटं गेली,
झिपरू राहिला.

इथवर कोणीही शपथेवर सांगेल.

हिलाल दिलदार होता, हेच वाईट झालं.
पहिल्या वाटणीला तो हसून म्हणाला,
"हाऊ पाय मना शे."
सगळे हसले. झिपरूही.
पहिला ट्रक घेतला तेव्हा म्हणाला.
झिपरूच्या वरातीत, झिपरू नाचत असताना म्हणाला.
शेवभाजीच्या ताटावर, कोर्टाच्या पायरीवर,
एकतीस वर्षं.
दर वेळी झिपरू हसायचा,
दर वेळी थोडा उशिरा.

कर्ज असतं तर फिटलं असतं.
त्यानं करून पाहिलं :
हिलालच्या पोरीला अकरा तोळे घातले,
हिलालच्या नावचे चौदा महिने
नाशिकरोडच्या तुरुंगात स्वतः काढले.
सुटून आला तर हिलाल फलाटावर हजर, हार घेऊन.
मिठी मारली, मग खाली वाकून बघितलं :
"बरा शे ना मना पाय?"

आणि मग झिपरूच्या पोराच्या साखरपुड्यात,
नव्या व्याह्यांसमोर, तेच वाक्य.
व्याह्यानं झिपरूच्या पायाकडे पाहिलं.
नुसतं पाहिलं.

नवव्या दिवशी हिलाल पुलाखाली सापडला.
चपला काढून शेजारी शेजारी ठेवलेल्या,
देवळाबाहेर ठेवतात तशा.

रात्री दोनला, मालगाडी निघून गेल्यावर,
झिपरू गजाआडून माझ्याशी एकच वाक्य बोलला.
नसलेली बोटं खाजवत होता.
"आते पाय मना शे."

त्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलं : उपकार.
साहेब म्हणाले, हेतू विचारलाय, सुभाषित नाही.
खोडलं. वर शाईनं नेहमीचा शब्द लिहिला.
कागद तिथं जरा पातळ झाला होता,
कोर्टात कोणी उजेडाला धरून पाहिला नाही.

पुढचे सहा सोपे होते.
तिथं शब्द खराच लागू पडतो.
शेवटच्या खुनातला आरोपी ललित, एकोणीस वर्षांचा,
त्यानं फक्त मोटारसायकल चालू ठेवली होती.
काका, सुरुवात कोणी केली हो, त्यानं विचारलं.
हात थरथरत होते. मी चहा मागवला.
प्यायला. माझ्याकडे बघून म्हणाला,
तुमचे उपकार विसरणार नाही.

मी कपाटातून त्याचा जप्त ऐवज काढला,
नोंद केली,
आणि चहाचे पाच रुपये
मोजून घेतले.